ओनेटा शाळेबद्दल बोलत नाही

हार्लेस काउंटीत घर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक फार वेळ न घेता शाळेवर येतं. आधी छप्पर, मग विहीर, मग शाळा. पहिल्या दोन्ही बाबतींत ओनेटा कोगर काही हातचं राखत नाही. छपराला शिडी लावून देते, विहिरीचं पाणी गिऱ्हाइकासमोर पेलाभर पिऊन दाखवते. पण शाळेचा विषय निघाला की तिचा चेहरा टपाल कचेरीतल्या खिडकीसारखा सपाट होतो आणि ती म्हणते, "त्याबद्दल मला काही सांगता येत नाही. फोन नंबर देते, त्यांनाच विचारा."

हा तिचा स्वभाव नव्हे. एरवी ती कुणाशी बोलायला थांबली की तिचा नवरा डेंझिल गाडीचं इंजिन बंद करून सीट मागे टाकतो. तिचं तोंड बांधलंय ते घरं विकायच्या लायसन्सने. पूर्वी अमेरिकेत घरं विकणारी मंडळी 'शाळा चांगली आहे' एवढं म्हणून गोऱ्या गिऱ्हाइकाला एका वस्तीत आणि काळ्याला दुसऱ्या वस्तीत वळवायची. त्यावर कायदा आला आणि कायद्यामागून धंद्यातला दंडक आला: घर दाखवा, शाळेची तारीफ करू नका, निंदाही करू नका. बरेच एजंट डोळे मिचकावून, भुवया उडवून हा दंडक मोडतात. ओनेटाने चोवीस वर्षांत एकदाही मोडलेला नाही. कायदा कशासाठी आला हे तिला ठाऊक आहे आणि तो तिला पटतो.

फक्त तो तिला जड जातो. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातली ही एवढीशी काउंटी. सहावी ते बारावी सगळी मुलं एकाच लांबट विटांच्या इमारतीत शिकतात. ओनेटा तिथेच शिकली. तिची आई त्या शाळेच्या भटारखान्यात होती आणि बीनचं सूप पातळ झालं तर मुख्याध्यापकांनाही सुनवायची. ओनेटाची दोन्ही मुलं तिथेच शिकली. शाळेच्या बँडला नवे गणवेश हवे होते तेव्हा तिने चर्चच्या आवारात उभं राहून महिनाभर दर शनिवारी देणगीसाठी लोकांच्या गाड्या धुतल्या. अशा बाईला रोज तिऱ्हाइतासारखा चेहरा करून 'काही सांगता येत नाही' म्हणावं लागतं. डेंझिल म्हणतो, "देवाने माझ्या बायकोला गप्प बसवायला आख्खं सरकार कामाला लावलं."

डॉक्टर पॉला हुडाकचा पहिला फोन आला तो ऑक्टोबरात, क्लीव्हलंडहून. डोंगराच्या कण्यावर, हार्लेस आणि शेजारच्या लॅथम काउंटीच्या हद्दीवर जे इस्पितळ आहे तिथे ती भूलतज्ज्ञ म्हणून येणार होती. घर डोंगराच्या अलीकडे घ्यायचं की पलीकडे, एवढंच ठरायचं होतं. शाळांना गुण देणाऱ्या वेबसाइटवर लॅथमला दहापैकी आठ होते आणि हार्लेसला चार.

"आकड्यांचं मला फारसं कौतुक नाही," पॉला फोनवर म्हणाली. "माझ्या मुलीच्या आत्ताच्या शाळेला नऊ आहेत."

मग तिने सांगितलं. विनी अकरा वर्षांची. आठव्या वर्षापासून मधुमेह, रोज इन्सुलिन. वसंतात एकदा व्यायामाच्या तासाला तिची साखर घसरली. ती भिंतीला टेकून बसली. शिक्षकांना वाटलं रुसली आहे. मैत्रिणींना वाटलं नाटक करते आहे. तासाची घंटा झाली, सगळे उठले आणि ती उठली नाही, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. ती वाचली. पण तेव्हापासून पॉला शस्त्रक्रियागृहाबाहेर आली की आधी फोनवर मुलीच्या साखरेचा आकडा बघते आणि मग मास्क काढते.

"मला एकच सांगा, मिसेस कोगर. तुमच्या शाळेत कुणाचं लक्ष असतं का?"

ओनेटाच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं. "त्याबद्दल मला काही सांगता येत नाही, डॉक्टर. तुम्ही स्वतः शाळेत जाऊन बघा. सोमवार ते शुक्रवार कधीही जा, दार उघडंच असतं."

"समजलं," पॉला म्हणाली.

काय समजलं ते ओनेटालाही समजलं. चांगलं असतं तर बाईने सांगितलं असतं, असा त्याचा अर्थ होता. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली आणि डेंझिलच्या पुढ्यात ताटली अशी ठेवली की त्याने लगेच ओळखून विचारलं, "शाळा?"

"शाळा," ओनेटा म्हणाली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, पॉला मुलीला घेऊन आली. सकाळी आधी शाळा बघायची, मग ओनेटाने घरं दाखवायची असं ठरलं होतं. ओनेटा शाळेच्या आवारात गाडी लावते तोच तिला पॉला दिसली. उंच, केस घट्ट बांधलेले, शाळेच्या मुख्य दाराची कडी दुसऱ्यांदा ओढून बघत होती. आवारात एकही बस नव्हती. दाराला साखळी होती.

तिला तिथल्या तिथे आपली चूक कळली आणि ही चूक इथल्या कुणाकडूनही झाली असती हेही कळलं. थँक्सगिव्हिंगआधीच्या सोमवारी हरणांचा बंदुकीचा मोसम उघडतो. तो आठवडा शाळा बंद असते. तिच्या आजोबांच्या वेळीही बंद असायची. वर्ग भरवले तरी मुलं येणार नाहीत आणि मास्तरही येणार नाहीत. सगळे पहाटेपासून केशरी जाकिटं घालून रानात. हे कुणाला सांगावं लागतं, ही कल्पनाच ओनेटाच्या डोक्यात कधी आली नव्हती.

"आज कसली सुट्टी आहे?" पॉलाने विचारलं.

"हरणांची," ओनेटा म्हणाली.

"काय?"

"शिकारीचा पहिला दिवस आहे, डॉक्टर. चूक माझी. मी सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही की तुम्हाला माहीत नसेल."

"मी रजा काढून, मुलीची शाळा बुडवून, एवढी गाडी हाकत आले. आणि तुमची काउंटी हरणं मारण्यासाठी शाळा बंद ठेवते."

"आठवडाभर," ओनेटा म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं आणि अर्धवट खरंही.

"चार गुण उगीच नाही मिळालेले."

ओनेटाने ओठ घट्ट मिटले. याला काही उत्तर देणं म्हणजे शाळेची बाजू घेणं, आणि बाजू घेणं म्हणजे तारीफ. तिने नुसती मान हलवली. त्याने ते आणखीच वाईट दिसलं.

विनी या दोघींपासून थोडी दूर, कुंपणाशी उभी होती. बारकी, चष्मा लावलेली, कोटाच्या खिशात हात. एक चिखलाने माखलेला पिकअप ट्रक शाळेला वळसा घालून मागच्या अंगाला गेला. त्यामागे दुसरा. दुसऱ्याच्या मागच्या फळीवरून शिंगं डोकावत होती.

"आई, शाळा बंद आहे तर हे कुठे चाललेत?"

पॉलाने ओनेटाकडे बघितलं. हा प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तर द्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. "मागे शेती विभागाची कार्यशाळा आहे," ओनेटा म्हणाली. "मांसकामाची. लोक शिकार आणून देतात, मुलं कापून बांधून देतात. ज्याला आपल्या वाट्यातलं द्यायचं असेल तो देतो, ते गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरी जातं. हा आठवडा त्यांचा सगळ्यात कामाचा."

"सुट्टीत?"

"सुट्टीतच तर हरणं येतात."

"बघू या?" विनीने विचारलं.

पॉलाने खांदे उडवले. "आलोच आहोत तर बघू. चार तास गाडी हाकलीच आहे."

कार्यशाळेच्या दारात शेतीचा मास्तर हॉबर्ट मारकम वजनकाट्यावर पाकिटं चढवत होता. पन्नाशीचा, रुंद, पांढरा डगला पोटावर ताणलेला. ओनेटाला बघून त्याचा चेहरा उजळला.

"या या, ओनेटा! गिऱ्हाईक आणलंत? आता सांगा त्यांना आपल्या शाळेचं."

"हॉबर्ट, मी कामावर आहे."

"म्हणजे आज तुमचं तोंड बंद." तो पॉलाकडे वळला. "बाईसाहेब, हा चमत्कार बघून घ्या. या काउंटीत ही बाई गप्प असलेली फार कमी लोकांनी बघितली आहे."

"मी बघितली आहे," पॉला कोरडेपणाने म्हणाली.

त्याने तिघींना डगले आणि टोप्या दिल्या. टोपीशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही. आत थंडी होती आणि प्रकाश लख्ख. स्टीलची टेबलं, भिंतीशी हुकांवर सोललेली हरणं, मधून पाण्याच्या नळ्या. प्रत्येक टेबलाशी एक मुलगा किंवा मुलगी सुरी चालवत होती, सुरी धरलेल्या हाताच्या विरुद्ध हातात जाळीदार पोलादी हातमोजा. आणि प्रत्येकासमोर जमिनीवर पिवळ्या रंगाने काढलेल्या वर्तुळात दुसरं मूल उभं होतं, हात पाठीमागे, डोळे समोरच्यावर. ते काहीच करत नव्हतं.

"हे शिक्षा म्हणून उभे आहेत का?" विनीने विचारलं.

हॉबर्ट हसला. "नाही गं. ते पहाऱ्यावर आहेत. इथे एकट्याने सुरी धरायची नाही. एक कापणार, एक बघणार. हात बघायचे आणि चेहरा बघायचा. काही वावगं वाटलं की मोठ्याने 'थांब' म्हणायचं. कुठल्याही टेबलावर 'थांब' झालं की सगळ्या टेबलांवरच्या सुऱ्या खाली. का म्हणालास, हे नंतर विचारायचं. चुकून म्हणाला तरी कुणी हसायचं नाही. थोड्या वेळाने अदलाबदल."

पॉला थबकली होती. "आमच्याकडे या माणसाला भूलतज्ज्ञ म्हणतात," ती म्हणाली. "सर्जन कापतो, मी बघते. फक्त मला हात पाठीमागे ठेवायला लावत नाहीत."

"तुम्ही मध्ये हात घालत असाल," हॉबर्ट म्हणाला. "बघणाऱ्याने नुसतं बघायचं. हाताला काम दिलं की डोळा हातावर जातो."

कोपऱ्यातल्या टेबलाशी एक दांडगी मुलगी रिकामी उभी होती, सुरी म्यानात, समोर हरणाची मांडी. बारावीतली गार्नेट.

"तू का थांबलीस?" हॉबर्टने विचारलं.

"रायली आला नाही, सर. हरणासाठी झाडावर दबा धरून बसला असेल अजून. पहाऱ्याला कुणी नाही."

"मग नाही कापायचं."

"म्हणूनच उभी आहे ना. तो वाट बघतोय हरणाची, मी त्याची."

विनी म्हणाली, "मी उभी राहू?"

"नाही," पॉला म्हणाली.

"आई, मला फक्त बघायचंय. कुणी सुरी देणार नाहीये मला."

हॉबर्टने पॉलाकडे बघितलं. ओनेटाने आपल्या हातांकडे बघितलं. तिने आपोआप ते पाठीमागे घेतले होते.

"थोडा वेळ," पॉला म्हणाली.

गार्नेटने विनीला वर्तुळात उभं केलं, तिच्या डगल्याच्या बाह्या दुमडल्या. बाही वर जाताच दंडाला चिकटवलेलं नाण्याएवढं यंत्र दिसलं.

"हे काय?"

"साखर मोजतं. मला मधुमेह आहे."

"बरं. मग साखर उतरली की तू कशी दिसतेस?"

विनीला हा प्रश्न नवीन होता. "नाक पांढरं पडतं. आणि चिडचिड करते."

"चिडचिड तर मी रोजच करते, त्याने कळायचं नाही. नाक लक्षात ठेवते." गार्नेटने मोजा चढवला. "तू मला बघ, मी तुला बघते. खायला काय लागतं तेव्हा?"

"रस. खिशात आहे. डाव्या."

"डाव्या खिशात. ठीक. हात मागे."

पॉला भिंतीशी उभी होती. ती कुणालाच उद्देशून न बोलता, पुटपुटल्यासारखी म्हणाली, "तीन वर्षांत हे कुणी विचारलं नाही. सगळे विचारतात, आकडा किती झाला की तुम्हाला फोन करायचा."

गार्नेट सफाईने कापत होती. हाडाच्या कडेने पातं सरकत होतं आणि मांस पुस्तकाच्या पानासारखं उलगडत होतं. विनी वर्तुळात ताठ उभी होती, चष्मा नाकावर घसरलेला, आणि तो वर करायला तिला हात मोकळे नव्हते. तेवढ्यात बाहेर ट्रकचा भोंगा वाजला आणि दारात कुणीतरी ओरडलं, "गार्नेट! तुझ्या भावाने दहा टोकांच्या शिंगांचा नर पाडलाय!"

गार्नेटने मान वळवली. तिचा हात चालूच होता.

"थांब!"

आवाज बारीक होता पण कडक. गार्नेटची सुरी टेबलावर पडली. त्याबरोबर खोलीभर टेबलांवर सुऱ्या खाली आल्या, एकामागून एक, आणि नळाच्या पाण्याशिवाय कसलाच आवाज उरला नाही. खोलीतली सगळी मोठमोठी मुलं, दाढी फुटलेली पोरं, थांबून त्या बारक्या मुलीकडे बघत होती. कुणी हसलं नाही.

"काय झालं?" हॉबर्टने विचारलं.

विनीचे कान लाल झाले होते. "तिने दाराकडे बघितलं. हात थांबला नव्हता."

हॉबर्टने गार्नेटकडे बघितलं.

"बरोबर आहे, सर," गार्नेट म्हणाली. मोजा वर करून तिने पोलादी जाळीवर पात्याने उठलेला ओरखडा दाखवला. "मोजा नसता तर गेलं होतं बोट. थँक यू, विनी."

"ठीक. चालू करा," हॉबर्ट म्हणाला, आणि खोलीत पुन्हा काम सुरू झालं. दारात ओरडलेल्या मुलाला त्याने नुसतं बोटाने बाहेर जायला सांगितलं. मुलगा गेला.

पॉला भिंतीपासून हलली नाही. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "ही पद्धत कुणी सुरू केली? राज्याचा नियम आहे?"

"राज्याला काय पत्ता!" हॉबर्ट म्हणाला. "ही तुमच्या मागे उभी आहे ना, तिने."

"हॉबर्ट," ओनेटा म्हणाली.

"तुम्ही कामावर आहात. मी नाही, मला सुट्टी आहे." त्याने पाकीट काट्यावर ठेवलं. "माझं पहिलं वर्ष होतं. तिचा लोवेल दहावीत. पहाटेपासून रानात होता, उपाशीपोटी तसाच इथे आला. कापता कापता उभ्या उभ्या घेरी आली त्याला, सुरी हातात. दोन बोटांची टोकं गेली. खोलीत वीस पोरं होती आणि मी होतो. त्याचा चेहरा कुणी बघितला नाही. सगळे आपापल्या सुरीकडे बघत होते. शहरातून वकील आला ओनेटाकडे. म्हणाला, खटला भरू, ही खोली कायमची बंद करू. मी राजीनामा लिहून खिशात घेऊन फिरत होतो."

"मग?"

"मग शाळा मंडळाच्या सभेत ही उठली. सगळ्यांना वाटलं आता शाळेची धुलाई होणार. ही म्हणाली, खोली बंद करायची नाही. पोरं घरी परसात कापतील, तिथे तर कोणीच बघायला नसेल. इथे बघायला एक माणूस द्या. मंडळ म्हणालं, नुसतं उभं राहायला पगारी माणूस कुठून देणार? ही म्हणाली, मग मी उभी राहते."

"उभी राहिलात?" पॉलाने ओनेटाला विचारलं.

हा शाळेबद्दलचा प्रश्न आहे की नाही, हे ओनेटाने मनात एकदा तपासलं. तो तिच्याबद्दलचा होता. "राहिले," ती म्हणाली. "तो मोसम, आणि पुढचे दोन. हात मागे घेऊन. सुरुवातीला पोरं मला चिडवायची, म्हणायची आली बघ सरकारी घुबड. मग मला एकदा ताप आला. मी आले नाही तर पोरं आपापसात एकमेकांकडे बघत उभी राहिलेली. मी बरी होऊन आले तेव्हा माझी गरज नव्हती."

"जमिनीवरची वर्तुळं लोवेलने रंगवली," हॉबर्ट म्हणाला. "आठ बोटांनी."

"साडेनऊ," ओनेटा म्हणाली. "दोन टोकंच गेली होती. उगाच वाढवून सांगू नकोस."

"आता काय करतो तो?" पॉलाने विचारलं.

"रस्ते खात्यात आहे. पूल तपासतो."

पॉला हसली. त्या दिवसातलं पहिलं. "म्हणजे तोही बघायचंच काम करतो."

"त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा पगार बरा आहे," हॉबर्ट म्हणाला.

ओनेटाला हॉबर्टचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता. आपल्या काउंटीच्या शाळेबद्दल तिने तारीफेचा एक शब्दही उच्चारला नव्हता, दंडक शाबूत होता. पण तिची मान इतकी ताठ झाली होती की टोपी मागे सरकली. ती नीट बसवायला तिला दोनदा हात लावावा लागला.

त्या दिवशी पॉलाने घरं बघितली नाहीत. दुपारी हॉबर्टने पेपरोनी भरलेले पाव वाटले तेव्हा विनीने इन्सुलिनची सुई टोचून घेतली, मोजून खाल्लं आणि पुन्हा वर्तुळात जाऊन उभी राहिली. रायली अखेर झाडावरून उतरून आला तेव्हा गार्नेटने त्याला दुसऱ्या टेबलावर पाठवलं. "माझा पहारा ठरलाय," ती म्हणाली. "तू बस अजून झाडावर."

संध्याकाळी गाडीत बसताना पॉला ओनेटाला म्हणाली, "तुमच्याविषयी माझा गैरसमज झाला होता."

"तो व्हावा असंच मी बोलले होते."

"लॅथमच्या शाळेत उद्या सकाळी मला बोलावलंय. त्यांची इमारत फार सुंदर आहे म्हणे. तिकडे आठवडाभर शाळा बंद नसते, फक्त सोमवार."

"मग जाऊन या," ओनेटा म्हणाली. "घाई करू नका. शाळा नीट बघूनच घर घ्यावं." हे तिने अगदी मनापासून सांगितलं. मग घरी जाऊन तिने डेंझिलला दोनदा सांगितलं आणि डेंझिलने दोन्ही वेळा इंजिन बंद केल्यासारखं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"गेली तर गेली," तो म्हणाला.

"गेली तर माझ्या जिवाला लागेल."

"कमिशनसाठी?"

"कमिशनचं नाव काढलंस तर जेवायला मिळणार नाही."

मंगळवारी सकाळी ओनेटा तिच्या कचेरीत आली तर पॉलाची गाडी दाराशी उभी होती. गाडीत पॉला एकटीच. ओनेटाने मागच्या सीटकडे बघितलं.

"लॅथमहून आलात?"

"नाही गेले. तिकडे फोन करून सांगितलं." पॉलाने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "विनी शाळेत आहे. म्हणजे शाळेच्या मागे. पहाटे उठून तयार होऊन बसली. म्हणाली, गार्नेट एकटी कापू शकत नाही. मला नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही."

"तुम्ही तिच्याबरोबर थांबला नाहीत?"

"थांबणार होते. हॉबर्ट म्हणाला, बघणाऱ्याकडे बघणारं आणखी कुणी नको." ती फोनकडे बघत होती. "या दरीत सिग्नल नाही, मिसेस कोगर. मला तिचा आकडा दिसत नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मला तिचा आकडा दिसत नाहीये."

"डोंगराच्या कण्यावर गेलं की येतो सिग्नल," ओनेटा म्हणाली. "आधी तिकडे जाऊ या का?"

"आधी शाळेवरून जाऊ. एकदाच."

कार्यशाळेची खिडकी आवाराच्या बाजूला आहे. ओनेटाने पॉलाला शेजारी बसवून आपली गाडी ट्रकांच्या रांगेत शिरवली आणि खिडकीशी थांबवली. आत लख्ख उजेड होता. गार्नेटची पाठ दिसत होती, आणि तिच्यासमोर वर्तुळात विनी, चष्म्याला मागून दोरा बांधलेला, कुणीतरी बांधून दिलेला. टेबलाच्या कडेला, गार्नेटच्या हाताशी, रसाचं पाकीट उघडून ठेवलं होतं. पॉलाने काच खाली केली आणि हात वर केला. विनीने बघितलं नाही. पॉलाने हात हलवला. दोन मीटरवर आई होती आणि विनीची नजर गार्नेटच्या मनगटावरून चेहऱ्यावर गेली, चेहऱ्यावरून मनगटावर आली. खिडकीकडे वळली नाही.

पॉलाने हात खाली घेतला. फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली.

"डोंगराच्या अलीकडची घरं दाखवा," ती म्हणाली. "पलीकडची राहू द्या."

ओनेटाने गाडी मागे घेतली. रस्त्याला लागेपर्यंत ती काही बोलली नाही. मग तिने पहिल्या घराच्या विहिरीबद्दल बोलायला सुरुवात केली आणि घर येईपर्यंत ती थांबली नाही.